उणे चौदा छेद सातशे वीस

तो हिशोब मी केला नव्हता.

एवढंच वाक्य आहे. इतकी वर्षं ते मी बायकोला सांगितलं नाही, वडिलांना ते जाईपर्यंत सांगितलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याच्या घरी लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला जेवून आलो, तरी त्यालाही सांगितलं नाही. आता पन्नाशी उलटल्यावर लिहितो आहे, ते काही मन मोठं झालं म्हणून नव्हे. या हिवाळ्यात फोपनार गावात मी एक भिंत पाहिली. ती पाहिली नसती तर मी गप्पच राहिलो असतो.

मी बुऱ्हाणपुरात कॉलेजात फिजिक्स शिकवतो. राहायला लोधीपुऱ्यात. वडील जळगावकडचे. पेपर मिलमध्ये नोकरीला म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. माझं लहानपण मिलच्या क्वार्टरमध्ये गेलं. ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो माझा मित्र फोपनारचा, घरची केळी आणि कापूस. आम्ही दोघं भेटलो मात्र दूरच्या एका शहरात, विद्यापीठाच्या हॉस्टेलवर. दोघंही पीएच.डी. करायला गेलो होतो. त्या अख्ख्या मजल्यावर 'हो' ला 'हाव' म्हणणारे आम्ही दोघंच, म्हणून दोस्ती व्हायला वेळ लागला नाही.

"तू मिलवाला ना?" तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "चला, कागदाची चिंता मिटली."

खरोखरच मिटली. कडा फाटल्या म्हणून बाजूला काढलेल्या न्यूजप्रिंटचे गठ्ठे मी सुट्टीहून परतताना घेऊन जायचो. त्या कागदावर शाई फुटते, म्हणून आम्ही पेन्सिलीने लिहायचो. त्याची पेन्सिल नेहमी बोटभर उरलेली असायची आणि त्याचं अक्षर इतकं बारीक, की एका पानात माझी तीन पानं मावावीत.

विषय काय होता ते सांगायला हवं. त्याशिवाय मी काय केलं हे कळणार नाही. समजा, जगातल्या सगळ्या लांब्या एकदम दुप्पट झाल्या. तापी दुप्पट, शहराची तटबंदी दुप्पट, आपण दुप्पट. हे कुणाला कळेल का? आपल्या रोजच्या जगात कळेल, कारण निसर्गाच्या नियमांतच काही मापं कायमची ठरलेली आहेत, ती आपल्याबरोबर ताणली जात नाहीत. पण गुरुत्वाकर्षणाचे काही सिद्धांत असे मांडता येतात, की त्यांत ठरलेलं माप कुठेच नसतं. सगळं ताणा किंवा आवळा, समीकरण होतं तसंच राहतं. याला मापाची सममिती म्हणू. आम्ही आपसांत नुसतं 'सिमेट्री' म्हणायचो.

अडचण पुढे येते. असा सिद्धांत क्वांटम पद्धतीने मांडायला घेतला, की हिशोबात अनंत रकमा उगवतात. त्या आवरायच्या तर मधे कुठेतरी एक मोजपट्टी धरावी लागते. ज्या सिद्धांतात मापच नाही त्यात तुम्ही बाहेरून पट्टी आणली, की सममिती मोडते. मग मोडली कुणी, सिद्धांताने की तुमच्या पट्टीने? यावर एक तोड लोकांनी काढली होती. बाहेरची पट्टी आणूच नका. सिद्धांतातच अवकाशभर पसरलेलं एक क्षेत्र असतं, त्यालाच पट्टी करा. जग ताणलं की पट्टीही ताणेल. मग सममिती शाबूत राहायला हवी.

माझ्या मित्राने हीच तोड वापरून एका सिद्धांताचा हिशोब केला, आणि त्याच्याकडे शेवटी काहीतरी उरलं. उणे सात छेद तीनशे साठ. लहानसा अपूर्णांक, पण शून्य नव्हे. तो खरा असता तर त्याचा अर्थ असा, की बाहेरून काहीही न आणता ही सममिती आपणहून मोडते. त्याच्या प्रबंधाचा तो मुख्य भाग ठरणार होता.

आमच्या विभागात एक रीत होती. लांबलचक हिशोब एकाने केला तर तो खरा धरायचा नाही. दुसऱ्याने तो वेगळ्या खोलीत बसून, पहिल्याचं पान न बघता, स्वतःच्या वाटेने करायचा. मग दोघांनी कँटीनमध्ये जायचं, आपापलं उत्तर चिठ्ठीवर लिहून बशीखाली ठेवायचं, चहा संपवायचा आणि मग दोन्ही बशा एकदम उचलायच्या. या रीतीला आम्ही 'बशी उचलणं' म्हणायचो. ज्याची बशी जुळली त्याचा हिशोब पक्का. आमच्या गाइडसरांपासून सगळे ते मानत.

त्याचा दुसरा माणूस मी होतो. दिवाळीच्या सुट्टीला निघताना त्याने मला सुरुवातीची समीकरणं लिहून दिली.

"फराळ कमी खा अन् हिशोब जास्त कर," तो म्हणाला. "नाहीतर तुझी माय तुले लाडू देत राहील अन् मी इथं बशी धरून बसून राहीन."

घरी मी बसलो. पहिली काही पानं नीट झाली. मग घोस्टचा भाग आला. घोस्ट म्हणजे कागदावरची काल्पनिक क्षेत्रं. शेवटच्या उत्तरात ती दिसत नाहीत, पण मधे त्यांचा हिशोब चोख ठेवावा लागतो. तो भाग मला जमेना. दोनदा केला, दोनदा वेगळं आलं. मग पाहुणे आले, मग मुलगी बघायला भुसावळला जाणं झालं. तीच पुढे माझी बायको झाली. कागद पिशवीतच राहिले.

परत गेलो तेव्हा तो आंघोळीला गेला होता. त्याची पानं खाटेवर पालथी पडली होती. मी शेवटचं पान उलटून बघितलं.

'वेळ मिळाला नाही' एवढं म्हणालो असतो तर त्याने दोन शिव्या दिल्या असत्या आणि थांबला असता. मी ते का म्हणालो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. वेळ हे कारण नव्हतंच. घोस्टचा भाग त्याला जमला होता आणि मला जमला नव्हता. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाला जमलं आणि मला, मिलच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्याला, जमलं नाही, हे त्याच्या तोंडावर कबूल करायचं नव्हतं. इतकं क्षुद्र कारण होतं.

कँटीनमध्ये चिठ्ठी लिहिताना माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली. ती मला आजही सगळ्यात जास्त छळते. तंतोतंत तेच उत्तर लिहिलं तर संशय येईल. म्हणून मी अपूर्णांक वरखाली दुप्पट केला. उणे चौदा छेद सातशे वीस. किंमत तीच, फक्त संक्षिप्त रूप दिलेलं नाही, जणू मी दुसऱ्याच वाटेने चालत आलो आणि शेवटचा भागाकार करायचा राहून गेला.

बशा उचलल्या. त्याने माझी चिठ्ठी वाचली, ओठांतल्या ओठांत भागून बघितलं, आणि टेबलावर इतक्या जोराने हात मारला की बाजूच्या लोकांनी वळून बघितलं.

"चौदा छेद सातशे वीस," तो म्हणाला. "तुले चौथीच्या मास्तरने संक्षिप्त रूप शिकवलं नाही का भो?"

मी हसलो. पुढे कितीतरी दिवस तो हे सगळ्यांना सांगत सुटला.

मग सेमिनार झालं. बाहेरून एक वयस्कर प्राध्यापक आले होते. माझ्या मित्राने सगळं फळ्यावर मांडलं, न अडखळता. शेवटी त्या प्राध्यापकांनी अगदी हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. "सुरुवातीला तुम्ही सगळ्या शक्यतांची बेरीज घेता. त्या शक्यता मोजायला कोणती पट्टी धरलीत? क्षेत्राची, की नेहमीची?"

म्हणजे त्यांचं म्हणणं असं, की पुढे तू पट्टी न आणण्याची खबरदारी घेतलीस, पण पहिल्या पायरीवरच ती आत घुसली आहे आणि शेवटी उरलेला अपूर्णांक तिचाच आहे.

तो गोंधळला नाही. उलट शांत झाला. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "सर, यांनी हाच हिशोब वेगळा बसून केला आहे. वेगळ्या वाटेने. यांचं उत्तरही हेच आलं. पट्टीचा दोष असता तर दोघांचा सारखा कसा येईल?"

सगळे माझ्याकडे वळले. गाइडसरांनी विचारलं, "तुम्ही स्वतंत्रपणे केलंत?"

"हो सर," मी म्हणालो.

माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. मी असं बोलू शकतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

सरांनी नंतर त्याला सांगितलं, की ती पहिली पायरी बदलून पुन्हा कर. तो ऐकेना. उत्तर जुळलं आहे, बशी उचलली आहे, आता पुन्हा कशाला? त्याला सरांचा तो संशय अपमानासारखा वाटला. बोलणं वाढलं, मग बंद झालं. प्रबंधाचा तो भाग सरांनी अडवून धरला. तेवढ्यात गावाकडे त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि बागेकडे बघायला कुणी उरलं नाही. तो गेला तो परत आलाच नाही. मी माझा प्रबंध दुसऱ्याच विषयावर पुरा केला, डॉक्टर झालो, बुऱ्हाणपुरात नोकरी मिळवली.

नंतर आम्ही अधूनमधून भेटायचो. इतवाऱ्याच्या बाजारात खत-औषधांच्या दुकानात तो दिसायचा, मी किराणा घ्यायला गेलेलो असायचो. उभ्या उभ्या चहा व्हायचा. केळीचा भाव, पोरांच्या परीक्षा, गुडघे. जुन्या गोष्टीचा विषय त्याने कधी काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हतो. त्याने ते सगळं सोडून दिलं असं मी धरून चाललो होतो. त्या समजुतीचा मला फार मोठा आधार होता. माणूस सुखी आहे, बाग हिरवी आहे, मग कशाला उकरून काढायचं?

या हिवाळ्यात त्याचा फोन आला.

"रविवारी ये. एकटा ये. अन् ते दिवाळीतले तुझे जुने कागद कुठं असतील तर घेऊन ये."

"कोणते कागद?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"ये तर खरं."

मी स्कूटरवर गेलो. कागद अर्थातच नव्हते. रस्ताभर मी एक खोटं जुळवत होतो. क्वार्टर सोडताना रद्दीत गेले, असं सांगू. जुळवता जुळवता फोपनार आलं.

वहिनी अंगणात होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं आले भाऊजी. तुम्हीच सांगा यांना. पोरीला बघायला पाहुणे येऊन राहिले, अन् मागची भिंत पाहिली तर लोक म्हणतील या घरात जादूटोणा चालतो. चुना मारू देत नाहीत."

"तुला काय कळतं त्यातलं," तो आतून म्हणाला.

"मला एवढं कळतं, की केळी विकून खडू घेणारा मी एकच माणूस पाहिला."

तो हसत बाहेर आला आणि मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. कापलेले घड ठेवायची जागा होती ती. शेडची सगळी मागची भिंत त्याने शाळेच्या फळ्याला लावतात त्या काळ्या रंगाने रंगवली होती. ती दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत खडूने भरलेली होती, त्याच्या त्या बारीक अक्षराने. काही भाग इतका जुना होता, की त्यावर धूळ बसून अक्षरं पिवळी पडली होती. काही कालचा होता.

"बस," तो म्हणाला. "बोलू नको. नुसता बघ."

मी केळीच्या क्रेटवर बसलो. पहिल्या ओळी ओळखीच्या होत्या, त्याचाच जुना हिशोब. मग भिंतीच्या मध्यापासून काहीतरी नवीन सुरू झालं आणि ते मला कळेना. मग हळूहळू कळायला लागलं.

"सरांचं म्हणणं मी नंतर मान्य केलं होतं," तो सांगत होता. "म्हणजे पहिल्या दोन-चार वर्षांतच. माझ्या हिशोबात पहिल्या पायरीवर नेहमीची पट्टी होती, ते खरं. सोडून देणार होतो. पण तुझं उत्तर आडवं येऊन राहिलं. तुझं पण तेच कसं आलं? मग एकदा बागेला पाणी देता देता डोक्यात आलं. तुझा अपूर्णांक. चौदा छेद सातशे वीस. तो दोन कुठून आला?"

तो भिंतीजवळ सरकला.

"तू संक्षिप्त रूप विसरणाऱ्यातला नाही. आम्ही हसलो, पण तू तसा नाही. म्हणजे तुझ्या वाटेत तो दोन आपणहून आला. घोस्ट जोडीने मोजले तर असा दोन येतो, अन् घोस्ट जोडीने मोजायचे तर पहिल्या पायरीची पट्टी वेगळी धरावी लागते. क्षेत्राची. म्हणजे तू नेहमीची पट्टी वापरलीच नव्हती. बघ, दोन वेगळ्या पट्ट्या, अन् उत्तर एकच. मग तो अपूर्णांक पट्टीचा कसा? सिद्धांताचाच आहे." त्याने भिंतीच्या टोकाला, टाकीच्या वर, बोट ठेवलं. तिथे चौकटीत लिहिलं होतं, उणे चौदा छेद सातशे वीस. "तुझी वाट सापडली भो. फार वर्षं लागली, पण सापडली. आता लिहून काढतो अन् इंटरनेटवर टाकतो. सरांना पाठवतो, अजून आहेत ते. तुझं नाव पहिलं."

मी त्या चौकटीकडे बघत बसलो. त्या कँटीनमधल्या, संशय येऊ नये म्हणून केलेल्या दुपटीवर या माणसाने आपली इतकी वर्षं घातली होती. मी जी वाट कधी चाललोच नव्हतो ती त्याने शोधून काढली होती, आणि ती नेमकी माझ्या खोट्या उत्तरापाशी येऊन पोचली होती. उत्तर आधीच ठरलेलं असलं की माणूस वाट वळवत वळवत तिथे नेतो. मधेच एका ठिकाणी तसं वळण मला दिसलंही. एक पद त्याने 'इथे शून्य धरावं लागतं' असं लिहून सोडलं होतं. ते का शून्य धरायचं याचं त्याच्याकडे एकच कारण होतं. मी.

"कागद आणले?" त्याने विचारलं.

जुळवलेलं खोटं तोंडाशी तयार होतं. रद्दीत गेले. ते म्हटलं असतं तर हे सगळं जगापुढे गेलं असतं, माझं नाव पहिलं लावून, आणि त्यातलं ते वळण कुणीतरी एका दिवसात पकडलं असतं. तो दुसऱ्यांदा सरांपुढे उभा राहिला असता, या वयात.

"कागद नाहीत," मी म्हणालो. "मी तो हिशोब केला नव्हता."

"कोणता?"

"दिवाळीतला. घोस्टपर्यंत गेलो आणि सोडला. तू आंघोळीला गेला होतास तेव्हा तुझं शेवटचं पान बघितलं."

तो हसला. "मजाक नको करू."

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, चेहऱ्यावरून हलेचना.

"मग चौदा कुठून आले?"

"मी दुपटीने लिहिले."

"का?"

"वेगळं दिसावं म्हणून."

बाहेर वहिनी कुणाशी तरी बोलत होत्या. त्याने हातातला खडू टाकीच्या कठड्यावर ठेवला. नीट, घरंगळणार नाही असा.

"सरांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तू हो म्हणाला होतास."

"हो."

"मी तुझ्या शब्दावर भांडलो त्यांच्याशी."

मला वाटलं तो ओरडेल. मनातून मला ते हवंही होतं. पण तेवढ्यात फाटकाशी ट्रक आला, व्यापाऱ्याचा माणूस आत येऊन घड बघू लागला, आणि तो त्याच्याकडे गेला.

"माल थोडा पतला है सेठ," तो माणूस म्हणाला.

"पतला क्या होता है? हाथ लगाके देख. कल तेरे को यही माल चाहिए था."

त्याचा आवाज नेहमीसारखा होता. मी क्रेटवर बसून ऐकत होतो आणि मला काही कळत नव्हतं. तो घासाघीस करत होता, घड मोजून देत होता, ड्रायव्हरला पाणी विचारत होता. वहिनींनी आणलेला चहा माझ्या हातात गार झाला. मला तो सेमिनार हॉल आठवला, माझा तो सरळ निघालेला आवाज आठवला. वाटलं, आज हा तसा बोलतो आहे, फक्त याने काही केलेलं नाही.

ट्रक गेल्यावर तो परत आला. समोर बसला नाही. भिंतीशी उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून, आणि बराच वेळ मधल्या ओळी वाचत राहिला, पहिल्यांदा बघत असल्यासारखा.

"हे पद मी शून्य धरलं," तो शेवटी म्हणाला. "मला वाटायचं, कुठंतरी कारण असेल, मला अजून दिसलं नाही एवढंच." मग म्हणाला, "तर मग मी एकटाच होतो यात."

"पुसायचं का हे?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न होता.

"तू नको हात लावू."

मी उठलो. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून थांबवलं.

"ते राहू दे. तो हिशोब तुझ्या वाट्याचा होता ना? मग आता कर. घरी बसून कर. माझी भिंत तू पाहिली आहेस, ती विसर. पहिल्या पायरीपासून क्षेत्राची पट्टी धर, ते पद शून्य धरू नको, अन् जे येईल ते घेऊन ये. शून्य आलं तर शून्य. तोपर्यंत मी कुणाला काही पाठवत नाही."

"मला घोस्टचा भाग येत नाही," मी म्हणालो. हेही मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणापुढे म्हणत होतो.

"हाव, ते आता कळलं," तो म्हणाला. "शीक."

अंगणातून जाताना वहिनींनी विचारलं, "काय झालं? चुना मारायचा ना मग?"

"थांब अजून," तो म्हणाला. "याचं काम बाकी आहे."

मी तेव्हापासून तो हिशोब करतो आहे. कॉलेजातून आल्यावर, जेवणाआधी, लोधीपुऱ्यातल्या आमच्या वरच्या खोलीत. सगळ्यात अवघड गोष्ट अशी, की ते जुनं उत्तर मला माहीत आहे. ते मी एकदा पाहिलेलं आहे आणि न पाहिलेलं करता येत नाही. प्रत्येक ओळीला माझा हात त्या अपूर्णांकाकडे वळू बघतो. म्हणून मी आकडे घेतच नाही. प्रत्येक आकड्याच्या जागी एक अक्षर ठेवलं आहे आणि ती अक्षरं शेवटपर्यंत उघडायची नाहीत असं ठरवलं आहे. घोस्टचा भाग मी एका तरुण माणसाच्या व्याख्यानांवरून शिकलो, यूट्यूबवर. तो माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा असेल. दोन ठिकाणी चुकलो आणि दोन्ही वेळा पुन्हा पहिल्या पानावर आलो. बायको विचारते, काय करता एवढं? मी तिला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "म्हणजे मला बघायला आलात त्या दिवाळीत?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ती त्या खोलीत येत नाही.

बहुतेक शून्य येईल असं मला वाटतं. आलं तर ते मीच घेऊन जायचं आहे, त्या भिंतीपाशी. त्याची गेलेली वर्षं मी परत देऊ शकत नाही आणि ती मागायला तो माझ्या दारी आलेलाही नाही. त्याने एकच गोष्ट मागितली. मी त्याला एक हिशोब देणं लागतो, माझा स्वतःचा, त्याच्या पानाकडे न बघता केलेला. तो अजून पुरा झालेला नाही.